रेषेचे मोल

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गडहिंग्लज तालुक्यात, नेसरी नावाचे गाव आहे. सन १६७४ च्या फेब्रुवारी महिन्यात या गावाजवळच्या खिंडीत सरसेनापती प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह शत्रुसैन्यावर तुटून पडले आणि ते सातही वीर कामी आले. त्यामुळे नेसरीचे नाव घेताच महाराष्ट्रातील मुलांच्या डोळ्यांपुढे तळपती तलवार उभी राहते. परंतु या शिवारात तलवार चालली ती एक दिवस. नांगर मात्र शतकानुशतके चालत आला आहे. तलवारीने राज्य राखले आणि नांगराने त्या राज्यातील माणसांना जगविले.

तो नांगर कसा होता? गावच्या सुताराने बाभळीच्या ओंडक्यातून तो तासलेला असे. त्याला हाळीस, रुमणे आणि टोकाशी लोहाराने घडवलेला लहानसा लोखंडी फाळ. काळ्या, चिकट जमिनीत हा नांगर खोल घालावयाचा म्हणजे पुढे बैलांच्या कित्येक जोड्या जुंपाव्या लागत. इतके करूनही माती फाटे, पण उलटी होत नसे. हरळी आणि कुंदा यांची मुळे जमिनीतच राहत आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा माना वर काढीत. ज्याच्याजवळ बैल थोडे, त्याची जमीन वरवर नांगरली जाई आणि त्याच्या घरी धान्यही थोडेच येई.

शेतकऱ्याची ही अडचण दूर करण्याचा ध्यास ज्यांनी घेतला, ते स्वतः शेतकरी नव्हते. नेसरीपासून जवळच बेळगाव जिल्ह्याचा मुलूख सुरू होतो. त्या जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणाचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने शाळेत नाव काढावे, असे त्यांना मनापासून वाटे. परंतु लक्ष्मणाचे चित्त पाठांतरात रमत नसे. एखादी मोडकी वस्तू उघडून ती आतून कशी चालते हे पाहणे आणि हाती येईल त्या कागदावर चित्र काढणे, हे त्याचे दोन छंद होते. अखेर त्याने मुंबईस जाऊन चित्रकला शिकण्याचा हट्ट धरला. वडिलांना ते रुचले नाही. थोरले बंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि सन १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांचा हात पाहून शिक्षक संतुष्ट होते. रेषा सरळ, प्रमाण अचूक, छायाप्रकाशाची समज उत्तम. परंतु पुढे रंगकामात काहीतरी चुकू लागले. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखताच येत नव्हता. तो दोष डोळ्यांचाच होता आणि त्यावर उपाय नव्हता. चित्रकार होण्यासाठी ज्याने वडिलांची नाराजी पत्करली, त्या तरुणावर हा केवढा आघात होता, याची कल्पना करता येईल. वडिलांपुढे आता कोणत्या तोंडाने जावयाचे?

लक्ष्मणरावांनी शांतपणे विचार केला. रंग हातचे गेले होते. रेषा गेली नव्हती. यंत्रांचे नकाशे रंगावाचून, केवळ रेषांनी काढले जातात. त्यांनी तिकडे मन वळविले आणि त्या कलेत इतके प्रावीण्य मिळविले की, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाचे सहायक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ही संस्था १८८७ साली स्थापन झालेली होती आणि तेथे स्वतंत्र कर्मशाळा होती.

यांत्रिक रेखाटन म्हणजे काय? चित्रकार आंब्याचे चित्र काढतो ते आंब्यासारखे दिसावे म्हणून. यंत्राचा नकाशा काढणारा मनुष्य नकाशा काढतो तो दुसऱ्या कोणाला ती वस्तू बनविता यावी म्हणून. वस्तू पुढून कशी दिसते, वरून कशी दिसते, बाजूने कशी दिसते, तिची लांबी, जाडी, भोकांची रुंदी, हे सारे त्यात नोंदवावे लागते. नकाशातील प्रत्येक रेषा ही कारागिराला दिलेली एक आज्ञा असते. ती आज्ञा पाळावयास कारागिराचा वेळ लागतो, यंत्र झिजते, हत्यार बोथट होते. कागदावर रेषा ओढण्यास क्षणही लागत नाही. पण ती लोखंडात उतरविण्यास कधी कधी प्रहर लागतो.

ही गोष्ट वर्गात बसून कळण्याजोगी नव्हती. लक्ष्मणराव फावल्या वेळात कर्मशाळेत जात. कपडे काळे होण्याची त्यांनी पर्वा केली नाही. लेथवर लोखंडाचा तुकडा कसा फिरतो, त्याची साल कशी निघते, आटे कसे पाडतात, भट्टीतील रस साच्यात कसा ओततात, हे ते पाहत आणि स्वतः करीत. शिक्षकाने कारागिराच्या शेजारी उभे राहून काम शिकणे त्या काळी नेहमीचे नव्हते. परंतु पुढील सर्व आयुष्याचा पाया याच वेळी घातला गेला. नकाशा काढणारा हात आणि लोखंड कापणारा हात हे दोन्ही हात एकाच माणसाचे झाले.

याच सुमारास बाजारात सायकली येऊ लागल्या होत्या. लक्ष्मणराव मुंबईहून त्या बेळगावास पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. १८८८ साली निघालेले सायकलींचे हे दुकान म्हणजे किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ होय.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. परकीय राज्यात असे प्रकार पुष्कळ घडत आणि बहुतेक लोक ते मुकाट्याने सोशीत. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला. हाती थोडीशी शिल्लक, अशा स्थितीत ते बेळगावास परतले. यापुढे कोणाची चाकरी करावयाची नाही, असा त्यांनी निश्चय केला.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना काढला. परदेशी पुस्तके व मासिके मागवून ते तेथील यंत्रांची चित्रे बारकाईने पाहत. सन १९०१ च्या सुमारास त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनविला.

हा नांगर फुकट वाटण्यासाठी नव्हता. तो शेतकऱ्याने आपल्या कष्टाच्या पैशाने विकत घ्यावयाचा होता. विलायती नांगर बाजारात होते, पण महाग अवजार गरिबाच्या काय कामाचे? म्हणून नांगर चांगला हवा आणि स्वस्तही हवा. या दोन गोष्टी एकत्र आणणे सोपे नाही. वस्तू स्वस्त करण्याचा वाईट मार्ग सर्वांना ठाऊक असतो. लोखंड हलके वापरावे, जाडी कमी करावी, कारागिराची मजुरी कापावी. असा नांगर पहिल्याच दगडावर मोडतो आणि त्याबरोबर कारखान्याचे नावही मोडते. चांगला मार्ग एकच आहे. वस्तूची आखणीच अशी करावी की, तिच्यावर निष्कारण काम करावे लागू नये.

हे कसे साधते, ते नांगराच्याच उदाहरणाने समजून घेऊ. नांगराचे पुष्कळ भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. प्रथम लाकडाचा नमुना करतात. तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्यात वितळलेला रस ओततात. नमुना एकदा मन लावून केला की त्यावरून शेकडो भाग ओतता येतात. ओतीव भाग हव्या त्या आकाराच्या जितका जवळ येईल, तितके पुढे कापणे कमी. ज्या भागाचा निम्मा भार कापून भुग्यात घालवावा लागतो, त्याची आखणी चुकली असे समजावे. कारण त्या भुग्याचे लोखंडही विकतच घेतलेले असते.

ओतलेला भाग खडबडीत असतो. तो सर्व बाजूंनी घासून गुळगुळीत करावा काय? तसे केले तर नांगर दिसेल सुंदर, पण किंमत वाढेल. दोन भाग जेथे एकमेकांस टेकतात, तेवढीच जागा सपाट करावी लागते. माती पलटविणाऱ्या अंगास तर जमीनच रोज घासून आरशासारखी झिलई आणते. बाकीची जागा खडबडीत राहिली तरी बैलांची किंवा पिकाची काही हरकत नसते.

भोकांचेही तसेच. एका भागात पाच भोके पाच निरनिराळ्या मापांची ठेवली, तर कारागिरास पाच वेळा गिरमिट बदलावे लागते. तीच एका मापाची ठेवली तर एकाच गिरमिटाने काम भागते, आणि शेतकऱ्यालाही घरी एकच पाना पुरतो. भाग यंत्रावर उलटसुलट बांधावा लागला तर प्रत्येक वेळी तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. यासाठी एकदा पकडला की शक्य तितके काम त्याच बैठकीत व्हावे, अशी भोके आणि सपाट्या एका बाजूस घेणे शहाणपणाचे असते.

कोपऱ्यांकडे पाहा. आतला कोपरा अगदी टोकदार ठेवला तर थंड होताना बिडाला तेथेच चीर पडण्याची भीती असते. शिवाय फिरणारे हत्यार गोल असते. त्याला आतला काटकोन कापता येत नाही. तोच कोपरा थोडा गोल ठेवला तर भाग मजबूतही होतो आणि स्वस्तही होतो.

मापाच्या अचूकपणालाही मर्यादा हवी. जेथे दांडा फिरतो, तेथे केसाएवढी चूकही चालत नाही. परंतु जेथून बोल्ट केवळ आरपार जावयाचा, तेथे भोक किंचित मोठे असले तरी बिघडत नाही. सर्वत्र सारखाच काटेकोरपणा मागणे म्हणजे भाजीचा बाजार सोन्याच्या तराजूवर तोलणे होय.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट फाळाची. नांगरात सर्वांत आधी झिजतो तो फाळ. तो उरलेल्या नांगराशी एकजीव असला तर फाळाबरोबर सारा नांगर टाकावा लागेल. फाळ वेगळा करून बोल्टने बसविला तर झिजल्यावर तेवढाच बदलता येतो. मात्र त्यासाठी कारखान्यातील प्रत्येक फाळ प्रत्येक नांगरावर तंतोतंत बसला पाहिजे. येथे काटेकोरपणा हवाच. येथे खर्च वाचविणे म्हणजे शेतकऱ्यास फसविणे होय.

लक्ष्मणरावांचा नांगर तयार झाला, पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत तेव्हा पसरली होती. शेतकरी येत, नांगराभोवती फिरत, हात लावून पाहत आणि निघून जात. पहिले काही नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या काळात लक्ष्मणराव शेतकऱ्यांवर रागावून बसले नाहीत. त्यांनी नांगर शेतात नेला, चालवून दाखविला, त्यातील उणिवा शोधल्या आणि परत येऊन नकाशा दुरुस्त केला. हळूहळू लोकांचा विश्वास बसू लागला.

इतक्यात नवे संकट आले. नगराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागणार, असे ठरले. यंत्रे कोठे न्यावयाची आणि कामगारांनी कोठे जावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. लक्ष्मणरावांचा औंध संस्थानाशी परिचय होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः कलावंत व गुणग्राही होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

ती जागा म्हणजे निवडुंगाचे रान होते. पाणी दुर्मिळ, सावली नाही, सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणरावांनी तेथे वस्ती केली. सुमारे पंचवीस कामगार कुटुंबांसह त्यांच्याबरोबर आले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनीही त्या माळावर सर्वांबरोबर हाल सोसले. निवडुंग तोडला गेला, भट्टी पेटली आणि माळावर एक गाव उभे राहिले. तेच किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्थानकालाही हेच नाव मिळाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

या गावात लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना समाज दारात उभे करीत नसे. लक्ष्मणरावांनी अशा माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपविले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. अनंतराव फळणीकरांसारख्या पदवी नसलेल्या हुशार माणसांच्या हाती त्यांनी मोठी कामे दिली. ओतीव भागात दोष असला तर तो पुन्हा भट्टीत जातो आणि त्याचा चांगला भाग होतो. माणसांच्या बाबतीतही त्यांनी हीच श्रद्धा ठेवली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येईना, त्यामुळे नांगरांना मागणी वाढली; परंतु लोखंड व कोळसा यांचीही टंचाई झाली. मागणी दाराशी उभी आणि भट्टी रिकामी, असा प्रसंग आला. त्या वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज साहाय्यास धावले. पन्हाळगडावरील जुन्या, निकामी तोफा त्यांनी वितळविण्यासाठी दिल्या. ज्या तोफांनी एके काळी गड राखला, त्यांचे नांगर झाले आणि ते शेते राखू लागले.

युद्धानंतर कारखाना वाढला. उसाचे चरक, पाण्याचे पंप, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पुढे लेथसुद्धा येथे तयार होऊ लागले. मुंबईच्या कर्मशाळेत ज्या यंत्राजवळ उभे राहून लक्ष्मणराव शिकले, तसले यंत्र आता त्यांच्या गावात बनू लागले. त्यांचे ज्येष्ठ पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले आणि त्यांनी उद्योगाचा विस्तार केला. १९४१ मध्ये हरिहर येथे आणि १९४६ मध्ये पुणे व बंगळूर येथे नवे कारखाने निघाले.

१९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावली. चाळीस वर्षांच्या श्रमांची राख होताना पाहण्याचे दुःख लक्ष्मणरावांच्या वाट्यास उतारवयात आले. तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे लक्ष्मणरावांनी देह ठेवला. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता काळ बदलला आहे. कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे बिडाचे भाग ओतणारे व कापणारे कितीतरी कारखाने आहेत. तेथील पुष्कळ यंत्रे संगणकाच्या आज्ञेने चालतात. त्यांना सीएनसी यंत्रे म्हणतात. नकाशा संगणकाच्या पडद्यावर काढला जातो, त्यावरून आज्ञांची यादी तयार होते आणि हत्यार ठरलेल्या वाटेने आपोआप फिरते. कारागिराच्या हाताचे कष्ट कमी झाले, परंतु नकाशा काढणाऱ्याची जबाबदारी कमी झालेली नाही. हे यंत्र महाग असते आणि ते चालते त्या प्रत्येक मिनिटाचा खर्च मोजावा लागतो. अरुंद आणि खोल खाच ठेवली तर लांब, बारीक हत्यार लागते. ते थरथरते आणि त्याला हळूहळू चालवावे लागते. निष्कारण अचूक माप मागितले तर पुन्हा पुन्हा मोजावे लागते. भाग चार वेळा उलटावा लागला तर चार वेळा यंत्र थांबते. यंत्र नवे झाले, पण प्रश्न जुनेच राहिले. ही भिंत इतकी जाड हवी काय? हा कोपरा गोल चालेल काय? ही बाजू कापलीच पाहिजे काय?

हे प्रश्न जो स्वतःला विचारीत नाही, त्याच्या चुकीची किंमत दुसराच कोणी मोजतो. कारागीर ती घामाने मोजतो आणि शेतकरी पैशाने. लक्ष्मणरावांना रंगांनी दगा दिला, नोकरीने अन्याय केला, जागेने हाकलले आणि आगीने होरपळले. परंतु रेषेवरील त्यांची निष्ठा ढळली नाही. कागदावर रेषा ओढताना त्यांच्या डोळ्यांपुढे लोखंड असे, आणि त्या लोखंडापलीकडे नेसरीसारख्या गावच्या शिवारात पावसाची वाट पाहणारा, हाती मोजके पैसे असलेला शेतकरी असे. दुसऱ्याचे श्रम आणि दुसऱ्याचे पैसे आपलेच समजून जो रेषा ओढतो, त्याच्याच रेषेला खरे मोल येते.